‘टाटाला नेले आहे’ : परळच्या रुग्णालयाची आणि त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या आधाराची वाटचाल

टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्ते झाले. सात मजल्यांची इमारत, ८० खाटा आणि वर्षाला ५ लाख रुपयांचे अंदाजपत्रक एवढ्यावर काम सुरू झाले. केवळ कर्करोगासाठी एवढे मोठे रुग्णालय बांधणे हे त्या काळी धाडस होते. हा रोग बरा होतो यावर लोकांचा विश्वास नव्हता आणि बऱ्याच डॉक्टरांचाही नव्हता.

रुग्णालयाच्या मुळाशी एका घरातले दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये वेल्समधील एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. सर्व साधने हाताशी असलेल्या माणसालाही उपचारासाठी साता समुद्रापार जावे लागते आणि तेथेही हात टेकावे लागतात, हा अनुभव दोराबजींच्या जिव्हारी लागला. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने हे काम पुढे नेले आणि मेहेरबाईंच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी परळची इमारत उभी राहिली.

इमारत झाली, पण रोगाचे नाव उच्चारण्याची रीत बदलली नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘कॅन्सर झाला’ असे कोणी म्हणत नसे. ‘टाटाला नेले आहे’ एवढेच सांगितले जाई आणि ऐकणारा समजून घेई. संस्थेचे नावच निदान सांगू लागले. ज्याला नेले जाई त्याला मात्र बहुतेक वेळा ‘पोटात गाठ आहे, काढायची आहे’ एवढेच ठाऊक असे. या संस्थेचा इतिहास नव्या यंत्रांच्या, इमारतींच्या आणि खाटांच्या वाढत्या संख्येतून सांगता येतो, आणि तसा तो अनेकदा सांगितला गेला आहे. रुग्णाला काय सांगितले गेले, कोणी सांगितले आणि सांगितल्यावर त्याच्याजवळ कोण थांबले, ही त्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. ती परळच्या आवारात जेवढी घडली, तेवढीच आवाराबाहेरच्या गल्ल्यांतही घडली.

सुरुवातीच्या काळात माहिती गोळा होत होती ती डॉक्टरांसाठी. रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील या शास्त्राचे ते जनक मानले जातात. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींइतकेच लक्ष त्यांनी माणसांच्या सवयींकडे दिले. घट्ट नेसलेल्या धोतराची कड वर्षानुवर्षे कमरेवर घासून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये शास्त्रीय जगापुढे ठेवली. ‘धोती कॅन्सर’ हे नाव तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत आहे. तंबाखू गालात धरण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंधही त्याच काळात स्पष्ट होत गेला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. गावाकडून परळला येणाऱ्या रुग्णाला आजही पहिल्या तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘स्लाइड आणि ब्लॉक’, सोबत आणायला सांगतात. निदान पुन्हा तपासून मगच उपचार ठरवण्याच्या या शिस्तीला विकृतिशास्त्राच्या त्या पहिल्या घडीचा आधार आहे.

ही माहिती रुग्णालयाच्या भिंतीबाहेर नेण्याचे पहिले संघटित काम इंडियन कॅन्सर सोसायटीने केले. टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये ती स्थापन केली. बरी न होणारी जखम, न दुखणारी गाठ, अवेळी जाणारे रक्त, बदललेला आवाज ही लक्षणे लोकांपर्यंत पोहोचवणे आणि रोग लवकर ओळखणे हा तिचा पहिला हेतू होता. १९६३ मध्ये सोसायटीने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. एखाद्या शहरातील प्रत्येक कर्करुग्णाची मोजदाद ठेवणारी ही भारतातील पहिली नोंदणी. वरवर हे काम रुक्ष वाटते. पण कोणत्या अवयवाचा कर्करोग किती आढळतो आणि कोणत्या समाजात अधिक आढळतो हे कळल्याखेरीज लोकांना नेमके काय सांगायचे हेच ठरत नव्हते.

दरम्यान रुग्णालयाची मालकी बदलली. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. या दुसऱ्या बदलामागे डॉ. होमी भाभा यांची दृष्टी होती. मेहेरबाई त्यांच्या आत्या. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. रुग्णाच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ सरळ होता. सरकारी पैसा आल्याने ऐपत नसलेल्या माणसालाही उपचार परवडू लागले आणि बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशापासून रुग्णांचा ओघ परळकडे सुरू झाला. तो आजतागायत थांबलेला नाही.

या ओघाने जो प्रश्न उभा केला त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे नव्हते. किरणोत्सर्गाचे उपचार आठवड्यातून पाच दिवस आणि अनेक आठवडे चालतात. किमोच्या दोन फेऱ्यांत साधारण तीन आठवड्यांचे अंतर असते. रुग्णाला खाट लागते ती शस्त्रक्रियेपुरती. उरलेले महिने त्याने मुंबईत राहायचे कुठे? परळच्या पदपथांवर, जेरबाई वाडिया रस्त्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या कागदाखाली फाइली उशाशी घेऊन झोपलेली कुटुंबे हे त्या प्रश्नाचे उघडे रूप. रुग्णालयाचे प्रमुख शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मूळचे गोव्याचे. रुग्णांवरील त्यांच्या मायेच्या आठवणी परळमध्ये दीर्घकाळ सांगितल्या गेल्या. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि बाहेरगावच्या रुग्णांसाठी वांद्र्याला असलेल्या निवासालाही त्यांचेच नाव दिले आहे. १९६८ मध्ये नाना पालकर स्मृती समितीची स्थापना झाली. परळला महात्मा गांधी रुग्णालयाजवळचे तिचे रुग्णसेवा सदन टाटा, केईएम आणि वाडिया या तिन्ही रुग्णालयांत येणाऱ्यांना निवारा देते. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे. तीर्थक्षेत्री येणाऱ्या गरिबाची रात्र उघड्यावर जाऊ नये म्हणून बाबांनी धर्मशाळा बांधल्या. परळची वारी करणाऱ्यांसाठी तोच विचार दादरला उभा राहिला.

धर्मशाळेचा उल्लेख माहितीच्या इतिहासात आणण्याचे कारण आहे. रुग्णाला आपल्या आजाराविषयी पहिली खरी माहिती बहुधा तेथेच मिळत आली आहे. डॉक्टरांच्या खोलीत मिळणारी मिनिटे थोडी, भाषा परकी आणि मन बधिर झालेले. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत मात्र शेजारचा माणूस सांगतो की तिसऱ्या किमोनंतर केस जातात पण परत येतात, तोंड आल्यावर ताक आणि मऊ भात चालतो, रक्त तपासायला सकाळी किती वाजता रांग लावायची. या माहितीत चूक असते, ऐकीव गोष्टी असतात, अमक्या गावच्या झाडपाल्याची जाहिरातही असते. तरीही ती ऐकली जाते, कारण सांगणारा त्याच वाटेवर दोन मुक्काम पुढे असतो. पुढे ज्या संस्था निघाल्या त्यांनी हाच शेजारधर्म व्यवस्थित केला आणि त्यातली चूक काढली, असे म्हणता येईल.

त्याआधी एक अडसर होता. निदान रुग्णाला न सांगता नातेवाइकांना सांगायचे, हा रिवाज केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी आपण रुग्णाला कर्करोगाचे निदान सांगत नाही असे म्हटले होते. १९७९ मध्ये तोच प्रश्न विचारला तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. आपल्याकडे हा बदल सावकाश झाला आणि अजून पुरता झालेला नाही. ‘आईला सांगू नका, ती हाय खाईल’ ही मुलाची विनंती परळच्या प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीची आहे. तिच्यात माया असते, पण तिची किंमत रुग्ण मोजतो. कशासाठी चालले आहे हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्या उलटीनंतर ‘मला बरे वाटते, घरी न्या’ म्हणतो आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार बऱ्याचदा न केल्यासारखाच ठरतो. रोग कोणता, कुठवर पसरला, उपचार तो मुळापासून घालवण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी, दिवस किती लागतील आणि खर्च किती येईल, हे पाच प्रश्न विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे, ही समज रुजवणे हे पुढच्या संस्थांचे मुख्य काम झाले.

१९६९ मध्ये वाय. के. सप्रू यांनी मुंबईत कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन स्थापन केली. औषधांसाठी मदत, तपासणी, समुपदेशन, पुनर्वसन हे सारे एका छत्राखाली असावे हा तिचा आग्रह. रोगाकडे पाहण्यापेक्षा रोग झालेल्या घराकडे पाहणारी ही दृष्टी होती. १९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी व्ही केअर फाउंडेशन सुरू केले. त्या स्वतः हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या. बरे झालेल्यांनी नव्या रुग्णाशी बोलावे ही संस्थेची साधी रीत. स्वयंसेवक रुग्णालयात जातात, रुग्णाशेजारी बसतात. वर्षानुवर्षांचे अभ्यासक्रम जे करू शकत नाहीत ते कित्येकदा समोर उभे असलेले एक धडधाकट माणूस करते.

छापील माहितीचा प्रवास मात्र लंडनहून झाला, आणि तो थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. डॉ. व्हिकी क्लेमेंट-जोन्स या लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील तरुण डॉक्टर. १९८२ मध्ये त्यांना बीजांडकोशाचा पुढच्या टप्प्यातला कर्करोग झाला. स्वतः डॉक्टर असूनही रुग्ण म्हणून आपल्याला किती थोडे कळते, आणि आपल्यासारखी ओळखपाळख नसलेल्यांचे काय होत असेल, हे त्यांना जाणवले. अमेरिकेत राष्ट्रीय कर्करोग संस्थेची दूरध्वनीवरून माहिती देणारी सेवा १९७०च्या दशकातच सुरू झालेली होती. त्या धर्तीवर त्यांनी ‘बॅकअप’ ही संस्था काढली. ऑक्टोबर १९८५ पासून दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला कर्करोगाचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका बसू लागल्या आणि एकेका अवयवाच्या कर्करोगावर सोप्या भाषेतल्या पुस्तिका निघू लागल्या. क्लेमेंट-जोन्स १९८७ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेल्या. संस्था टिकली आणि २००८ मध्ये मॅकमिलन या जुन्या धर्मादाय संस्थेत विलीन झाली.

याच पुस्तिकांचे बोट धरून १९९६ मध्ये मुंबईत ‘जासकॅप’, म्हणजे जीत असोसिएशन फॉर सपोर्ट टू कॅन्सर पेशंट्स, ही संस्था नोंदवली गेली. लंडनच्या संस्थेच्या परवानगीने तिने त्या पुस्तिका भारतीय परिस्थितीला जुळवून घेतल्या आणि भारतीय भाषांत आणल्या. त्यांत मराठी होती. स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, तोंडाचा, रक्ताचा कर्करोग, किमो, किरणोपचार, उपचाराच्या काळातला आहार अशा विषयांवर एकेक पुस्तिका. निदानाचा कागद हाती घेऊन घरी आलेल्या माणसाला रात्री दिव्याखाली पुन्हा पुन्हा वाचता येईल असे काही मराठीत मिळू लागले.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. मराठीत आरोग्यविषयक पत्रके लिहिणाऱ्यांचा कल आजवर शब्दकोशाकडे राहिला आहे. ‘रसायनोपचार’, ‘प्रारणचिकित्सा’, ‘अर्बुद’ हे शब्द शुद्ध आहेत, पण परळच्या रांगेत ते कोणी उच्चारत नाही. तेथे ‘किमो’ असतो, ‘गाठ’ असते. किरणोपचाराला कोणी ‘शेक’ म्हणते, कोणी ‘लाइट’. ‘शेक’ या शब्दाने चुलीवरच्या भाजण्याची भीती मनात बसते हे खरे. पण तो शब्द टाळण्यापेक्षा तो वापरून मग यात चटका बसत नाही, मात्र काही दिवसांनी कातडी काळवंडते, असे सांगणे अधिक उपयोगी ठरते. समाजसेवा विभागातल्या कार्यकर्त्यांना हे केव्हाच उमगले. पत्रके लिहिणाऱ्यांना उमगायला वेळ लागला.

काही शस्त्रक्रियांनंतर लागणारी माहिती पुस्तिकेत मावत नाही. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी लावून जगायचे, स्वरयंत्र काढल्यावर गळ्यातल्या छिद्रातून श्वास घ्यायचा आणि नव्याने बोलायला शिकायचे, स्तन काढल्यावर हात वर उचलण्याचे व्यायाम करायचे. हे ज्याने केले आहे त्यानेच शिकवावे लागते. पोटावर पिशवी असलेल्यांची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना १९७५ मध्ये मुंबईत स्थापन झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीचे पुनर्वसन केंद्र परळच्या भोईवाड्यात आहे. रुग्णांना शिवणासारखे काम शिकवून चार पैसे मिळवून देणे हा त्याचा भाग. उपचार संपल्यावर नोकरी गेलेल्या माणसाला समुपदेशनाइतकीच कामाची गरज असते, हे या केंद्राने ओळखले.

मुलांच्या बाबतीत चित्र वेगळे होते. बालपणीचे बरेच कर्करोग बरे होतात, पण उपचार वर्ष-दोन वर्षे चालतात आणि आईवडील अर्ध्यावर गावी परततात. औषध उपलब्ध असताना मूल दगावते ते मुंबईत राहायला जागा नसल्यामुळे, ही गोष्ट बालकर्करोग विभागातल्या डॉक्टरांना सर्वांत जास्त खुपत असे. २००६ मध्ये श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स सुरू केली. एका कुटुंबाला एक खोली, सामाईक स्वयंपाकघर, मुलांचे शिक्षण, रुग्णालयात ने-आण. रुग्णालयाच्या इम्पॅक्ट फाउंडेशननेही औषधे, निवास आणि पाठपुरावा यांची सांगड घातली. उपचार सोडून जाणाऱ्या मुलांचे प्रमाण यानंतर लक्षणीय घटले. बरे झालेल्या मुलांच्या दीर्घ देखरेखीसाठी १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. त्यातून मोठी झालेली मुले पुढे इंडियन कॅन्सर सोसायटीच्या ‘उगम’ या गटात एकत्र आली.

जे बरे होणार नाहीत त्यांच्यासाठी संस्थेकडे दीर्घकाळ देण्यासारखे काही नव्हते. टाटा रुग्णालयातीलच शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोसे डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना ही अशा रुग्णांसाठीची भारतातील पहिली शुश्रूषासंस्था (हॉस्पिस) उभी केली. तिची शाखा गोव्यात लोटली येथे आहे. त्रास कमी करण्यासाठीचा, रुग्णालयाचा स्वतःचा परिहार (पॅलिएटिव्ह) उपचार विभाग १९९६ मध्ये सुरू झाला. वेदना शमवण्यासाठी मॉर्फिन लागते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते मिळवणे इतके किचकट झाले होते की बहुतेक रुग्णालये त्या वाटेला जात नसत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही अडचण कमी झाली. परिहार उपचार विभागाची पथके मुंबईत रुग्णाच्या घरीही जातात. ‘आता काही करता येणार नाही’ या वाक्याने रुग्णाला घरी पाठवण्याची जुनी पद्धत चुकीची होती. वेदना, धाप, झोप, घरच्यांची भीती, एवढे सारे करण्यासारखे उरलेले असते.

पैशाच्या माहितीचे स्थान या इतिहासात खालचे नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात रुग्णाला अर्ज, दाखले आणि विश्वस्त निधी यांच्या जंजाळातून वाट दाखवली जाते. रेल्वे उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गात पूर्ण सवलत देते, सोबत्याला ७५ टक्के. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च उचलते. सवलत असते, पण ती आहे हे कळण्याआधीच कित्येक घरांत जमिनीचा तुकडा किंवा मंगळसूत्र गहाण पडलेले असते.

एकविसाव्या शतकात दोन मोठे बदल झाले. एकेका अवयवाच्या कर्करोगासाठी शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेऊ लागले. त्यामुळे तीन दारांत तीन वेगळी उत्तरे ऐकण्याची रुग्णाची वेळ टळली. दुसरे म्हणजे, २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग ग्रिडची स्थापना झाली. देशभरातली कर्करोग रुग्णालये तिने समान उपचारपद्धतीच्या धाग्यात ओवली. वाराणसी, संगरूर, गुवाहाटी येथे टाटा मेमोरियल सेंटरची रुग्णालये काम करत आहेत. परळला यायलाच हवे असे नाही, हे सांगणे आता परळच्याच कामाचा भाग झाले आहे.

आवाराच्या आत मात्र गोंधळ उरलाच होता. नोंदणी, रक्त, स्कॅन, बाह्यरुग्ण विभाग, पुन्हा नोंदणी, असे इमारतीतून इमारतीत फिरताना निम्मा दिवस सरतो. यावर टाटा मेमोरियल सेंटरने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साथीने रुग्णांना वाट दाखवणाऱ्यांचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे नाव ‘केवट’. रामाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याचे हे नाव ज्याने सुचवले त्याला परळची रांग नीट ठाऊक असावी. रुग्ण दारात आल्यापासून उपचार पूर्ण होईपर्यंत कुठे जायचे, काय विचारायचे, कोणता कागद लागेल हे सांगणारे माणूस आता पगारी आणि प्रशिक्षित आहे. धर्मशाळेच्या पंगतीत शेजारच्याने जे सांगितले ते आता रुग्णालय स्वतः सांगू लागले आहे.

परळला प्रथमच जाणाऱ्याने जुने सर्व अहवाल, स्लाइड आणि ब्लॉक, आधारकार्ड आणि असल्यास रेशनकार्ड सोबत न्यावे. मनातले प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवावेत. फाइल हाती पडली की समाजसेवा विभाग कुठे आहे हे विचारून घ्यावे. त्यासाठी पैसे संपण्याची वाट पाहू नये.